विश्लेषण : पट्टा मजबूत, पण अंगावर नीट बसला का? रॅपलिंगचे हार्नेस कसे पारखावे?

पावसाळा सुरू झाला की नेरे, मारुंजी, जांबे, माण या पट्ट्यातील गृहसंकुलांतून शनिवारी पहाटे गाड्या बाहेर पडतात. हिंजवडीत आठवडाभर स्क्रीनसमोर बसणारी तरुण मंडळी माण-घोटवडेमार्गे पौड गाठतात आणि तिथून मुळशी, ताम्हिणीकडे वळतात. कुणाला भिजायचे असते, कुणाला ट्रेक करायचा असतो. ‘वॉटरफॉल रॅपलिंग’ची जाहिरात मोबाइलवर पाहून नोंदणी केलेल्यांची संख्याही मोठी असते. कड्यावर पोहोचल्यावर पर्यटकाच्या कमरेला आणि मांड्यांना पट्ट्यांचा एक संच बांधला जातो. पुढचा काही काळ त्याचा जीव या पट्ट्यांवर असतो. तरीही या संचाकडे फारसे कुणी बघत नाही. हेल्मेटचा रंग, फोटोची जागा आणि जेवणाचा मेन्यू यांची चौकशी होते. हार्नेस किती जुने आहे, कोणत्या मापाचे आहे, बकल कसे लागते, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. हार्नेसची मजबुती आणि त्यातला आराम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत की एकाच गोष्टीच्या दोन बाजू?

हा विषय आता का महत्त्वाचा?

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने मावळ, मुळशीसह अनेक तालुक्यांतील धबधबे व धरण परिसरात प्रतिबंधात्मक आदेश लागू केले. १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीवरील कुंडमळ्याचा जुना पूल कोसळून चार पर्यटकांचा बळी गेला. या दोन्ही दुर्घटनांचा दोराशी किंवा हार्नेसशी संबंध नव्हता. मात्र त्यांच्यामुळे पावसाळी पर्यटनाच्या सुरक्षेची चर्चा ऐरणीवर आली. ही चर्चा बहुतेक वेळा बंदी, पोलीस बंदोबस्त आणि सेल्फी यांच्याभोवती फिरते. पैसे भरून, प्रशिक्षकाच्या भरवशावर दोराला लटकणाऱ्या पर्यटकाने काय पाहावे, हा मुद्दा मागे पडतो.

मुळशी तालुक्याला गिर्यारोहणाची मोठी परंपरा आहे. तैलबैल्याच्या सरळ उभ्या दोन कातळभिंती प्रस्तरारोहकांना वर्षानुवर्षे खुणावत आल्या आहेत. घनगड, कोराईगड हे किल्ले आणि ताम्हिणीची प्लस व्हॅली याच तालुक्यात येतात. अनुभवी गिर्यारोहक आपले हार्नेस स्वतः निवडतो, त्याची देखभाल करतो आणि ते बदलण्याची वेळही स्वतः ठरवतो. वीकेंडच्या पर्यटकाला यातला कोणताच निर्णय घेता येत नाही. ज्या हार्नेसमध्ये आधी दहा जण उतरले, त्याच हार्नेसमध्ये अकरावा म्हणून तो उभा राहतो.

हार्नेस नेमके काय काम करते?

पूर्वी गिर्यारोहक कमरेला थेट दोर बांधत. पडल्यावर सगळा झटका पोट आणि बरगड्यांवर येई. कमरेच्या एकाच दोराला लटकलेल्या माणसाला थोड्याच वेळात श्वास घेणे कठीण होते. त्यावर उपाय म्हणून भार मांड्यांवर टाकण्याची कल्पना पुढे आली. १९७० मधील अन्नपूर्णेच्या दक्षिण भिंतीवरील ब्रिटिश मोहिमेसाठी डॉन व्हिलन्स यांच्या नावाने ओळखले जाणारे बैठे हार्नेस तयार झाले. त्यानंतर अशी हार्नेस जगभर रूढ झाली.

आजच्या बैठ्या हार्नेसचे मुख्य भाग चार. पहिला कमरेचा पट्टा, दुसरा दोन मांड्यांभोवतीची कडी म्हणजे लेग लूप, तिसरा या दोघांना समोर जोडणारा शिवलेला गोल पट्टा म्हणजे बिले लूप, आणि चौथा भाग बकल. रॅपलिंगमध्ये दोर ज्या डिसेंडरमधून जातो, तो डिसेंडर लॉक होणाऱ्या कॅरॅबिनरने बिले लूपमध्ये अडकवतात. माणूस दोरावर बसला की त्याचे बहुतांश वजन मांड्यांवर येते. कमरेचा पट्टा त्याला सरळ ठेवतो आणि हार्नेसमधून निसटू देत नाही.

कमरेच्या बाजूला आणखी काही छोट्या कड्या असतात. त्या गिअर लूप. त्यांचा उपयोग केवळ साहित्य अडकवण्यासाठी आहे. त्या माणसाचे वजन पेलण्यासाठी बनवलेल्याच नसतात. नवख्याला दोन्ही कड्या सारख्याच वाटू शकतात. त्यामुळे डिसेंडर किंवा सुरक्षा दोर चुकून गिअर लूपमध्ये अडकवणे ही जीवघेणी चूक ठरते.

१५ किलोन्यूटन म्हणजे किती?

गिर्यारोहणाच्या साहित्यासाठी दोन मानके जगभर ग्राह्य धरली जातात. एक आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाचे, म्हणजे यूआयएएचे. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या या महासंघाचे हार्नेससाठीचे मानक १०५ क्रमांकाचे आहे. दुसरे युरोपीय मानक ईएन १२२७७. त्यात हार्नेसचे चार प्रकार केले आहेत. ‘ए’ म्हणजे प्रौढांचे पूर्ण शरीराचे, ‘बी’ म्हणजे ४० किलोपर्यंतच्या मुलांचे पूर्ण शरीराचे, ‘सी’ म्हणजे बैठे आणि ‘डी’ म्हणजे छातीचे.

बैठे हार्नेस चाचणीत धडाच्या आकाराच्या पुतळ्यावर चढवून १५ किलोन्यूटन बलाने ओढले जाते. सोप्या भाषेत हा भार सुमारे दीड हजार किलो वजनाएवढा होतो. या ओढीत हार्नेस तुटता कामा नये आणि बकलमधून पट्टा मर्यादेपेक्षा जास्त सरकताही कामा नये.

आता पर्यटकाचा हिशेब पाहू. ७० किलो वजनाचा माणूस दोरावर शांत लटकला तर हार्नेसवर सुमारे ०.७ किलोन्यूटन भार येतो. म्हणजे चाचणीतला भार प्रत्यक्षाच्या वीसपटीहून अधिक असतो. उड्या मारत, झटके देत उतरल्यास भार वाढतो, तरीही मोठे अंतर उरते. चढाई करताना पडणाऱ्यासाठीचा हिशेबही याच पद्धतीने केलेला आहे. ८० किलो वजनाच्या प्रमाणित चाचणीत चढाईच्या दोराने १२ किलोन्यूटनपेक्षा जास्त झटका देऊ नये, अशी मर्यादा आहे. हार्नेसची चाचणी त्याच्याही वर होते.

याचा अर्थ, प्रमाणित आणि सुस्थितीतील हार्नेस वजन न पेलल्यामुळे तुटण्याची शक्यता नगण्य असते. ‘आमचे हार्नेस दीड टन पेलते’ ही आयोजकाची जाहिरात खरी असली, तरी तिच्यातून पर्यटकाला उपयोगी पडेल अशी माहिती मिळत नाही. प्रयोगशाळेतला पुतळा योग्य मापाचा असतो, त्याची बकले नीट लावलेली असतात आणि हार्नेस नवे असते. कड्यावर या तिन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत.

मग धोका कुठे असतो?

पहिला धोका बकलमध्ये असतो. जुन्या पद्धतीच्या बकलमध्ये पट्टा एकदा ओवून पुन्हा उलटा ओवावा लागतो. दुसऱ्यांदा ओवला नाही तरी पट्टा हाताला घट्ट लागतो. वजन पडल्यावर मात्र तो सरकत जाऊन सुटू शकतो. अशा काही बकलांवर इंग्रजी ‘सी’ आणि ‘ओ’ या अक्षरांची खूण असते. पट्टा पुन्हा ओवला की ‘ओ’चा काही भाग झाकून ‘सी’ दिसतो, म्हणजे बकल बंद आहे. नव्या प्रकारची बकले आधीच ओवलेली असतात, केवळ टोक ओढायचे असते. तरीही बकलाबाहेर पट्ट्याचे शेपूट किमान आठ-दहा सेंटिमीटर उरले पाहिजे. शेपूट त्याहून आखूड राहिले, तर ते हार्नेस त्या माणसाच्या मापाचे नाही.

दुसरा धोका झिजेचा. याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. टॉड स्किनर हे तिथले नामांकित गिर्यारोहक. १९८८ मध्ये पॉल पियाना यांच्यासह त्यांनी योसेमिटीतील एल कॅपिटन कड्यावरचा ‘सॅलथे वॉल’ हा मार्ग मुक्त चढाईने पार केला होता. २३ ऑक्टोबर २००६ रोजी योसेमिटीतच लीनिंग टॉवर या कड्यावरून रॅपलिंग करत असताना त्यांच्या हार्नेसचा बिले लूप तुटला आणि ते कोसळून मृत्युमुखी पडले. तो लूप झिजलेला होता आणि हे त्यांच्या लक्षातही आले होते. त्यांनी नवे हार्नेस मागवले होते. अनेक वर्षांचा अनुभव, उत्तम कंपनीचे साहित्य आणि धोक्याची जाणीव हे सारे असूनही झिजलेला लूप आणखी काही दिवस वापरला गेला.

तिसरा धोका हार्नेसच्या पलीकडचा असतो. दोर ज्या खडकाला किंवा बोल्टला बांधला तो अँकर, कातळाच्या धारेवर घासणारा दोर, वरून पडणारा दगड आणि माणसाची चूक हे सगळे त्यात येते. जानेवारी २०२० मध्ये ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर रॅपलिंग मोहिमेदरम्यान पडून मृत्यू झाला. सह्याद्रीत अनेक वर्षे घालवलेल्या माणसालाही कडा माफ करत नाही, याची आठवण त्या घटनेने करून दिली. हार्नेस ही साखळीतली एक कडी आहे. मात्र ही एकच कडी पर्यटकाच्या अंगावर, त्याच्या डोळ्यांसमोर असते आणि त्याला स्वतः तपासता येते.

आराम ही चैन की सुरक्षेचा भाग?

हार्नेस टोचते, मांड्यांना काचते, अशी तक्रार केली की ‘दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे’ असे उत्तर मिळते. प्रत्यक्षात हे टोचणे दुर्लक्ष करण्यासारखे नसते.

भार तोच राहिला तरी तो किती क्षेत्रफळावर पसरतो, यावर शरीरावरचा दाब ठरतो. अडीच सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीऐवजी साडेसात सेंटिमीटर रुंदीचा पट्टा असेल, तर तोच भार तिप्पट जागेवर विभागला जातो आणि दाब साधारण एकतृतीयांशावर येतो. हार्नेसमधील रुंद पट्टे आणि फोमची गादी यांचे काम हेच. मात्र जाड गादी म्हणजे आराम, हे समीकरण फसवे आहे. माप चुकले तर गादी असूनही सगळा भार एका कडेवर येतो. उलट मापात बसलेले साधे, गादी नसलेले प्रशिक्षणाचे हार्नेस पंधरा मिनिटांच्या उताराला पुरेसे ठरते.

हार्नेस कशासाठी वापरायचे, यावर त्याची रचना ठरते. बर्फाच्छादित शिखरांवर चालताना वापरायची काही हार्नेस अडीचशे ग्रॅमपेक्षाही हलकी असतात. ती घालून दिवसभर चालता येते, पण त्यात पाच मिनिटे लटकणेही जड जाते. मोठ्या भिंतीवर तासन् तास लटकणाऱ्यांची हार्नेस जड आणि रुंद असतात. म्हणून ‘सर्वांत चांगले हार्नेस कोणते’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही.

आरामाचा सुरक्षेशी संबंध दोन ठिकाणी थेट येतो. एक, काचणारे हार्नेस घातलेला माणूस पट्टे सैल करतो. कड्याच्या टोकावर रांगेत अर्धा तास उभे राहावे लागले की कमरेचा पट्टा हळूच ढिला केला जातो आणि उतरण्याची पाळी आल्यावर तो पुन्हा आवळायचे राहून जाते. दोन, माणूस मधेच अडकला तर. डिसेंडरमध्ये केस किंवा कपडा अडकणे, दोराचा गुंता होणे, आग्या मोहोळ उठणे किंवा भीतीने हातपाय गळणे असे प्रसंग सह्याद्रीत नवे नाहीत. हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकत राहिल्यास पायांतले रक्त हृदयाकडे परतण्यात अडथळा येतो. चक्कर येते, शुद्ध हरपू शकते आणि वेळेत खाली न आणल्यास जीवही जाऊ शकतो. यालाच ‘सस्पेन्शन ट्रॉमा’ म्हणतात. निश्चल लटकलेली व्यक्ती काही मिनिटांतही बेशुद्ध होऊ शकते. त्यामुळे अडकलेल्याने पाय हलवत राहावे, कातळाला पाय रेटावेत. बचाव करणाऱ्यांनी त्याला लवकरात लवकर खाली घ्यावे, आडवे झोपवावे आणि नेहमीचे प्रथमोपचार करावेत. अशा माणसाला मुद्दाम बसवून ठेवण्याचा जुना सल्ला आता मागे पडला आहे.

माप बरोबर आहे हे कसे ओळखावे?

कमरेचा पट्टा कमरेच्या हाडांच्या वर, साधारण बेंबीच्या पातळीला बसला पाहिजे. जीन्सचा बेल्ट जिथे बांधतात, त्याच्या वरची ही जागा आहे. पट्टा आवळल्यावर दोन्ही हातांनी जोरात खाली ओढून पाहावा. तो हाडांवरून खाली सरकला, तर एक तर तो सैल आहे किंवा हार्नेस मोठे आहे. असा माणूस दोरावर उलटा झाला, तर हार्नेसमधून निसटू शकतो.

मांडीच्या पट्ट्यात सपाट हात जेमतेम सरकावा, मूठ जाऊ नये. पट्टे मांडीच्या वरच्या टोकाला बसलेले असावेत. ते गुडघ्याकडे घसरले तर भार कमरेवर येतो. कमरेचा पट्टा आणि मांडीचे पट्टे यांच्यातले अंतरही महत्त्वाचे असते. स्त्री व पुरुषांच्या शरीररचनेत फरक असल्याने अनेक कंपन्या हे अंतर वेगळे ठेवतात.

काही जणांसाठी बैठे हार्नेस पुरेसे नसते. लहान मुलांची कंबर आणि नितंब यांत फारसा फरक नसतो, त्यामुळे पट्टा अडून राहायला जागाच मिळत नाही. पोट सुटलेल्या व्यक्तींचा पट्टाही खाली घसरतो. अशा वेळी पूर्ण शरीराचे हार्नेस किंवा बैठ्या हार्नेससोबत छातीचे हार्नेस वापरावे. आयोजकाकडे तशी सोय नसेल, तर त्या दिवशी न उतरणेच योग्य.

सर्वांत खात्रीची चाचणी म्हणजे लटकून पाहणे. स्वतःसाठी हार्नेस विकत घेणाऱ्याने दुकानात दोराला लटकून किमान पाच मिनिटे बसावे. मांड्या बधिर होतात का, बरगड्यांना पट्टा लागतो का, शरीर मागे कलंडते का, हे तिथेच कळते. भाड्याच्या हार्नेससाठीही कड्यापासून दूर, जमिनीपासून फूटभर उंचीवर दोन मिनिटे लटकवून पाहण्याची मागणी करता येते. यासाठी एक झाड आणि एक दोर पुरेसा असतो.

पावसाळ्यात काय बदलते?

हार्नेसचे पट्टे बहुधा नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे असतात. नायलॉन भिजल्यावर त्याची ताकद काही प्रमाणात घटते. हार्नेसच्या बाबतीत मूळ ताकदच इतकी जास्त असते की निव्वळ भिजल्याने ते धोकादायक ठरत नाही. खरी अडचण वेगळी आहे. कपडे भिजून अंगाला चिकटतात, चुरगळतात आणि आधी घट्ट बसलेला पट्टा सैल पडतो. म्हणून भिजल्यानंतर हार्नेस पुन्हा आवळावे. हार्नेसवरून पोंचो किंवा सैल रेनकोट घातला, तर बकल आणि कॅरॅबिनर झाकले जातात आणि प्रशिक्षकाला ते दिसत नाहीत. रेनकोट घालायचाच असेल तर हार्नेसच्या आत, तोही अंगाबरोबरचा. मोकळे केस, ओढणी, कॅमेऱ्याचा पट्टा डिसेंडरपासून दूर ठेवावा.

धबधब्यातले रॅपलिंग कोरड्या कड्यावरील रॅपलिंगपेक्षा वेगळे असते. पाण्याच्या माऱ्याखाली अडकलेला माणूस दोराला सुरक्षित लटकलेला असूनही गुदमरू शकतो. वरच्याचा आवाज खालच्याला ऐकू जात नाही. डोंगरमाथ्यावर पाऊस वाढला की प्रवाह काही मिनिटांत फुगतो. त्यामुळे अडकलेल्या माणसाला वरूनच खाली सोडता येईल अशी दोराची मांडणी, स्वतंत्र सुरक्षा दोर आणि हाताच्या इशाऱ्यांची आधी ठरलेली भाषा या गोष्टी आवश्यक ठरतात.

पाठोपाठच्या वीकेंडना वापरले जाणारे हार्नेस पावसाळ्यात पूर्ण वाळतच नाही. ओलेच पिशवीत कोंबले की बुरशी धरते. उन्हात वाळवले तर अतिनील किरणांनी धागे कमकुवत होतात. ते सावलीत, वाऱ्यावर वाळवावे लागते. गाडीच्या डिकीत बॅटरीजवळ ठेवलेले हार्नेस तर वापरूच नये. बॅटरीतल्या आम्लाने किंवा त्याच्या वाफेने नायलॉनचे धागे कमकुवत होतात आणि बाहेरून ते दिसेलच असे नाही.

बांधकामावरचा सेफ्टी बेल्ट चालेल का?

नेरे, मारुंजी परिसरात उंच इमारतींची कामे सुरू असताना परातीवर, मचाणावर हार्नेस घातलेले कामगार दिसतात. ते हार्नेस वेगळे. भारतात त्यासाठी आयएस ३५२१ हे मानक आहे. त्यात पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे धातूची कडी असते आणि तिला झटका शोषणारा दोर जोडतात. कामगार पडलाच तर तो सरळ उभ्या स्थितीत अडकावा, हा त्याचा हेतू. रॅपलिंगमध्ये माणूस दोरावर बसून, समोरच्या जोडावर स्वतःचा वेग सांभाळत उतरतो. पाठीच्या कडीला डिसेंडर जोडून हे करता येत नाही. समोर जोड असलेली काही औद्योगिक हार्नेस दोरावरच्या कामासाठी बनवलेली असतात, पण साध्या सेफ्टी बेल्टवर कुणाला कड्यावरून उतरवणे चूक आहे.

या दोन्ही ठिकाणी एक अडचण मात्र सारखी आहे. मांडीचे पट्टे काचतात, वाकायला अडथळा होतो, म्हणून कामगार ते सैल ठेवतो किंवा उघडेच सोडतो. तपासणीच्या वेळी खांद्यावर हार्नेस दिसते, पण पडल्यावर ते उपयोगी पडत नाही. पर्यटक कंटाळून कमरेचा पट्टा ढिला करतो, तेव्हा वेगळे काही घडत नाही. साधन आरामदायी नसेल, तर माणूस ते नीट वापरत नाही.

बर्फावरच्या खेळांतही हाच प्रश्न असतो का?

गुलमर्ग, औलीला जाणाऱ्या मराठी पर्यटकांना बुटांना पट्टी जखडणाऱ्या बाइंडिंगचा अनुभव येतो. स्कीची बाइंडिंग पडल्यावर ठरावीक जोर आला की बूट सोडून देते, म्हणजे पाय पिरगळण्याचा धोका कमी होतो. हा जोर वजन, उंची, वय, कौशल्य पाहून प्रत्येकासाठी वेगळा लावावा लागतो. स्नोबोर्डची बाइंडिंग पडल्यावर सुटत नाही. तिचे पट्टे पायाची हालचाल थेट फळीपर्यंत पोहोचवतात. पट्टा सैल असेल तर फळी उशिरा वळते, फार घट्ट असेल तर पाय बधिर होतो. हार्नेस तर कोणत्याही स्थितीत सुटता कामा नये. तिन्हींचे काम निराळे असले तरी भाड्याच्या दुकानातली चूक एकच असते. आधीच्या माणसासाठी लावलेले माप पुढच्यालाही चालेल, असे धरले जाते.

लेबल कसे वाचावे, आयुष्य किती?

हार्नेसच्या आतल्या बाजूस शिवलेले लेबल असते. त्यावर सीई खूण, ईएन १२२७७ किंवा यूआयएएचा उल्लेख, हार्नेसचा प्रकार, माप आणि निर्मितीचे वर्ष पाहावे. लेबल कापलेले किंवा वाचता न येण्याइतके पुसट असेल, तर त्या हार्नेसचे वय कुणालाच सांगता येणार नाही. अनेक कंपन्या कापडी साहित्याची कमाल वयोमर्यादा निर्मितीपासून १० वर्षे धरतात, तीही उत्तम साठवण आणि तुरळक वापर गृहीत धरून. दर आठवड्याला अनेक जणांनी वापरलेल्या हार्नेसचे आयुष्य याहून बरेच कमी असते. मोठा झटका बसलेले हार्नेस एका दिवसातही बाद होऊ शकते.

डोळ्यांनी आणि बोटांनी तपासण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. बिले लूप आणि तो ज्या दोन ठिकाणी घासतो ते जोड, शिलाईचे टाके, बकलाजवळ दुमडणारा पट्टा. तिथे केसाळपणा, उसवलेला टाका, विरलेला रंग, वितळल्यासारखा चकचकीत डाग किंवा कडक झालेला भाग आढळल्यास हार्नेस बदलून मागावे. काही हार्नेसमध्ये पट्टा झिजला की आतला वेगळ्या रंगाचा धागा दिसू लागतो. तो दिसला की त्या हार्नेसचे आयुष्य संपले.

सरकारी नियम काय सांगतात?

राज्य सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही ठिकाणचे साहसी उपक्रम त्याच्या कक्षेत येतात आणि आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. त्यामुळे ‘तुमची नोंदणी आहे का’ हा प्रश्न पर्यटक हक्काने विचारू शकतो. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघासारख्या संस्था सुरक्षेबाबत प्रबोधन करतात. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी पथके आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर दुर्घटनेनंतर धावून जातात.

मात्र नोंदणी संस्थेची असते, त्या दिवशी पर्यटकाच्या अंगावर चढवलेल्या हार्नेसची नसते. प्रत्येक शनिवारी प्रत्येक कड्यावर सरकारी निरीक्षक उभा राहणे शक्य नाही. त्यामुळे प्रत्येक हार्नेसला क्रमांक, खरेदीचे वर्ष आणि शेवटच्या तपासणीची तारीख असलेली नोंदवही आयोजकाने ठेवावी आणि मागितल्यास ती दाखवावी, ही अपेक्षा वाजवी आहे. त्यासाठी मोठा खर्च येत नाही. नोंदवही दाखवायला आयोजक तयार नसेल, तर ग्राहकाला त्यावरूनच बरेच काही कळते.

उतरण्यापूर्वी काय तपासावे?

कड्याच्या टोकावर पोहोचल्यावर भीती आणि उत्साह दोन्ही असतात, डोके शांत नसते. त्यामुळे ही तपासणी टोकापासून दूर, सपाट जागी करावी.

• लेबल आणि निर्मितीचे वर्ष वाचता येते का?
• बिले लूप, टाके आणि पट्टे बोटांनी चाचपून पाहिले का?
• कमरेचा पट्टा हाडांच्या वर आहे का, ओढल्यावर खाली येतो का?
• प्रत्येक बकल पूर्ण लागले आहे का, बाहेर आठ-दहा सेंटिमीटर शेपूट आहे का?
• डिसेंडर बिले लूपमध्येच अडकवला आहे का, कॅरॅबिनरचे लॉक फिरवून बंद केले आहे का?
• मुख्य दोराशिवाय स्वतंत्र सुरक्षा दोर जोडला आहे का?
• मधेच अडकल्यास वरून खाली सोडण्याची व्यवस्था काय, हे प्रशिक्षकाने सांगितले का?

ही तपासणी आधी स्वतः करावी, मग जोडीदाराकडून आणि शेवटी प्रशिक्षकाकडून करून घ्यावी. वाट पाहताना पट्टा सैल केला असेल किंवा मधे पाऊस येऊन गेला असेल, तर ती पुन्हा पहिल्यापासून करावी. एका माणसामागे यात दोनेक मिनिटे जातात. वीस जणांच्या गटात पाऊणएक तास. ज्या आयोजकाला तेवढा वेळ परवडत नाही, त्याच्या दोरावर उतरायचे की भजी खाऊन नेऱ्याला परतायचे, हे कड्यावर जाण्याआधीच ठरवलेले बरे.